बाळाचा हात आणि शस्त्रवैद्य

एक वर्षाच्या मुलाच्या हाताचें क्ष-किरणांनीं काढलेलें चित्र जो प्रथमच पाहतो, तो क्षणभर गोंधळून जातो. मनगटाच्या जागीं हाडें नाहींतच कीं काय, असें त्यास वाटतें. मोठ्या माणसाच्या मनगटांत ८ लहान हाडें असतात, तळहातांत ५ आणि बोटांत १४, मिळून २७. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या मनगटांतील ८ हाडांपैकीं बहुधा एकही ह्या चित्रांत उमटत नाहीं, आणि पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास फार तर दोन ठिपके दिसूं लागतात. हाडांच्या जागीं त्या वेळीं कूर्चा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागांत असतो तसा लवचीक पदार्थ असतो, आणि तो चित्रांत दिसत नाहीं. शेवटचें हाड दिसावयास ८ ते १२ वर्षें जावीं लागतात. बाळाचा हात असा अजून घडत असतो. अशा हातास भारी इजा झाली असतां शस्त्रवैद्यापुढें कोणते प्रश्न उभे राहतात, आणि त्या अगोदरच्या दोन-चार तासांत घरच्या माणसांच्या हातीं काय असतें, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

इजा होतात कशा, हें आधीं पाहूं. गोदावरीच्या व प्रवरेच्या पाटांनीं भिजणाऱ्या आपल्या शिर्डी, राहाता, कोपरगांव ह्या मुलखांत ऊंस आहे आणि घरोघर गाई-म्हशी आहेत. जेथें दावणीला जनावर, तेथें कडबाकुट्टीचें यंत्र आलेंच. तें हातानें फिरवावयाचें असो कीं विजेचें, रचना एकच : दोन दातेरी रूळ वैरण आंत ओढतात आणि मोठ्या चाकावर बसविलेलीं पातीं ती कापतात. आई किंवा आजोबा पेंढी सरकवितात, आणि शेजारीं बसलेलें दोन वर्षांचें मूल त्यांचें पाहून एक काडी घालूं जातें. यंत्र थांबलें म्हणजे धोका टळला असेंही नाहीं. एक भावंड गंमत म्हणून चाक फिरवितें, तेव्हां दुसऱ्याचीं बोटें दांत्यांत असतात. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक दिनेश मोहन व त्यांचे सहकारी ह्यांनीं उत्तरेकडील खेड्यांत ह्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हां जखमींत मुलांचा वांटा मोठा आढळला. काम संपल्यावर चाकास खीळ घालून तें जखडून ठेवावें, पात्यांवर झांकण असावें, अशा साध्या युक्त्या त्यांनीं सुचविल्या. १९८३ सालीं संसदेनें धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला खरा, पण तो करतांना डोळ्यांपुढें मुख्यतः मळणीयंत्रें होतीं. गोठ्यांतल्या यंत्रावर देखरेख घरच्या माणसांचीच.

दुसरा प्रकार दरवाजांचा. शिर्डीसारख्या यात्रेच्या ठिकाणीं निवासगृहें, दुकानें व मोटारी ह्यांच्या दरवाजांची उघडझांप दिवसभर चालूं असते, आणि बिजागरीच्या फटींत बोट घालून पाहणें हा रांगत्या मुलाचा आवडता उद्योग असतो. लहान मुलांच्या बोटांच्या इजांत हा प्रकार जगांत सर्वत्र आघाडीवर आहे. तिसरा प्रकार विस्तवाचा. श्रीसाईसच्चरितांत १९१० सालच्या दिवाळीची एक कथा आहे. एका लोहाराची बायको भाता ओढीत होती. नवऱ्याची हांक ऐकून ती लगबगीनें उठली आणि अंगाशीं असलेलें मूल भट्टींत पडलें. तें वांचविण्यासाठीं साईबाबांनीं इकडे शिर्डींत धुनींत हात घातला, अशी ती कथा. तींतील श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानें पाहावा. पण अपघाताचें वर्णन अगदीं नेहमींचें आहे. कामांत असलेली आई, अंगाशीं मूल, आणि कोणाची तरी हांक.

आतां पहिल्या तासाविषयीं. १२ किलो वजनाच्या मुलाच्या अंगांत एकंदर रक्त एक लिटराहूनही थोडें कमीच असतें. मोठ्या माणसास सोसेल असा एक पेलाभर रक्तस्राव त्याला धोक्यांत घालतो. म्हणून स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून ती तळव्यानें दाबून धरावी, आणि मुलाचा हात उंच उचलून ठेवावा. बहुतेक रक्त एवढ्यानेंच थांबतें. सुतळीनें आवळून बांधलें तर उरलेला हातही उपाशी मरतो. हळद, चहाची पूड, चुना, तंबाखू हे पदार्थ जखमेंत भरण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्यांनीं काय साधतें तें कोण जाणे, पण पुढें शस्त्रवैद्याचा बहुमोल वेळ तें सर्व धुऊन काढण्यांत जातो. हात यंत्रांत अडकलेला असेल तर हिसका देऊं नये. वीज बंद करून यंत्र खोलावें.

तुटलेला भाग कितीही लहान वा चेंगरलेला असो, तो शोधून बरोबर न्यावा. स्वच्छ फडकें पाण्यांत भिजवून पिळावें, त्यांत तो गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तोंड घट्ट बांधावें, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यांत ठेवावी. बर्फ त्या भागास प्रत्यक्ष लागला तर त्यांतील पेशी गोठून मरतात, आणि तो उघडाच पाण्यांत टाकला तर फुगून मऊ पडतो. दोन्ही वेळां जोडण्याचें काम बिघडतें. अशा रीतीनें थंड ठेवलेलें बोट सुमारें एक दिवस टिकूं शकतें, तसेंच उघडें राहिलेलें जेमतेम त्याच्या निम्मा वेळ. मनगटापासून तुटलेल्या हाताची गोष्ट निराळी. त्यांत स्नायु असतात, आणि रक्तावांचून स्नायु फार लवकर मरतो. तेथें पहिले सहा तासच काय ते हातीं असतात.

शिर्डींत संस्थानचीं रुग्णालयें आहेत, जवळच लोणी येथें वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. तेथें रक्त थांबविणें, सलाईन लावणें, वेदना शमविणें व पहिली मलमपट्टी हीं कामें आधीं करून घ्यावीं. तुटलेलें बोट जोडणारे शस्त्रवैद्य बहुधा नाशिक, पुणें किंवा मुंबई येथें गांठावे लागतात. नाशिक सुमारें ९० किलोमीटर आहे, आणि समृद्धि महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्यें खुला झाल्यापासून मुंबईची वाटही पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपी झाली आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि निघण्यापूर्वीं पुढच्या रुग्णालयास दूरध्वनीनें कळवावें, म्हणजे मूल पोंचतांच शस्त्रक्रियेची खोली तयार असते. ह्या धांवपळींत कोणी ना कोणी अनुभवी माणूस म्हणतोच कीं, 'एका बोटासाठीं एवढें कशाला? टांके घालून घ्या, पोर लहान आहे, संवय होईल.' मोठ्या माणसाच्या बाबतींत ह्या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. मधल्या सांध्यापाशीं तुटलेलें एकटें बोट जोडलें तर तें पुष्कळदां ताठ राहतें व कामांत अडतें. म्हणून जाणते शस्त्रवैद्यही तें कधीं कधीं जोडीत नाहींत. बालकाच्या बाबतींत नियम उलटा आहे. त्याच्या हातांतील जोडण्याजोगें सर्व कांहीं जोडण्याचा यत्न करावा, असें हस्तशल्य जाणणारे सांगतात. तो नियम कां झाला, हें पुढील वर्णनावरून ध्यानांत येईल.

आंत काय तुटलें आहे हें कळण्याचीच पहिली अडचण. 'बोट वांकव', 'येथें कळतें का?' असें रडणाऱ्या तान्ह्यास विचारून उपयोग नाहीं. वैद्य मग हाताकडे नुसता पाहत राहतो. आपला हात मांडीवर उताणा व सैल टाकून पाहा : तर्जनीपासून करंगळीकडे बोटें क्रमाक्रमानें अधिक वांकलेलीं दिसतील. एखादें बोट ह्या ओळींतून सुटून सरळ उभें राहिलें असेल, तर तें वांकविणारी कंडरा तुटली आहे असें समजावें. मनगट हळूच मागें नेलें कीं निरोगी बोटें आपोआप मिटतात; कोपराखालच्या बाहूचे स्नायु दाबले असतांही मिटतात. जुन्या जखमेंत मज्जातंतु शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति तर फारच सुरेख आहे. हात सुमारें अर्धा तास कोमट पाण्यांत ठेवला म्हणजे बोटांच्या टोकांवर सुरकुत्या पडतात हें आपण नेहमीं पाहतों. ज्या बोटाचा मज्जातंतु तुटला आहे, तें गुळगुळीतच राहतें. ही परीक्षा १९७३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि मुलास एकही प्रश्न न विचारतां ती होते.

मुलास पूर्ण भूल दिल्यावर प्रथम जखम धुणें आलें. कडबाकुट्टीच्या जखमेंत माती, शेण व वैरणीचा भुसा असतो. मग हाड. मोठ्या माणसाचें बोट जोडतांना हाडाचीं टोकें थोडीं कापून आखूड करतात, म्हणजे शिरा न ताणतां जुळतात. मुलांत हें फार जपून करावें लागतें, कारण बोटाच्या प्रत्येक हाडास मनगटाकडील टोकाशीं कूर्चेची एक पातळ चकती असते आणि हाडाची लांबी त्या चकतीपाशींच वाढते. ती कापली गेली किंवा तिच्यांतून जाड स्क्रू गेला, तर त्या हाडाची वाढ तेथेंच खुंटते. म्हणून बारीक, गुळगुळीत तारा वापरतात व कांहीं आठवड्यांनीं काढून टाकतात. हाडांचा चुरा झाला असेल तेव्हां मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. बी. बी. जोशी ह्यांनीं बसविलेली पद्धति उपयोगी पडते. तींत तारा हाडांतून आडव्या घालून कातडीबाहेर हलक्या दांड्यांस लहान जोडांनीं जखडतात. हाड स्थिर राहतें आणि जखम मोकळी राहते.

नंतर कंडरा. बोटांत स्नायु नसतात हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बोटें वांकविणारे मोठे स्नायु कोपराखालच्या बाहूंत असून त्यांच्या दोऱ्या, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांप्रमाणें, बोटांपर्यंत येतात. अंगठा सोडून प्रत्येक बोटास वांकविणाऱ्या दोन दोऱ्या असतात व त्या एका अरुंद नळींतून सरकतात. दोरी शिवली पण नळीला चिकटली, तर बोट हलत नाहीं. मोठ्या माणसास थोड्याच दिवसांत मोजकी हालचाल शिकवितात. बाळास मोजकें कांहींच ठाऊक नसतें; तें खुळखुळा ओढून टांके तोडील. म्हणून तीन-चार आठवडे कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालतात, कारण कोपराखालीं घातलेलें तें मोज्यासारखें काढून फेकून देतें. मोठ्यांचा हात इतके दिवस बांधून ठेवला तर कंडरा चिकटून बसेल. बालकांत ती पुष्कळदां पुन्हां मोकळी होते.

ह्यापुढचें काम सूक्ष्मदर्शकाखालीं चालतें. मोठ्या माणसाच्या बोटाच्या धमनीची रुंदी सुमारें एक मिलिमीटर. एक-दोन वर्षांच्या मुलाची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती जोडण्याचा धागा केसाहून कितीतरी बारीक असतो, आणि नुसत्या डोळ्यांना तो नीट दिसतही नाहीं. एका टांक्यांत धमनीच्या समोरच्या भिंतीचा कण जरी अडकला, तरी आंत रक्त गोठतें व सर्व श्रम वायां जातात. खोली उबदार ठेवावी लागते, कारण थंडीनें ह्या वाहिन्या आकसतात. शस्त्रक्रियेनंतर मूल रडूं नये, दुखूं नये ह्यासाठीं औषधें द्यावीं लागतात, कारण भीतीनें व वेदनेनेंही त्या आकसतात. आईनें जवळ राहणें हा येथें उपचाराचाच भाग आहे.

ही विद्या अर्वाचीन आहे. १९६२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं रोनाल्ड माल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आगगाडीखालीं तुटलेला एका १२ वर्षांच्या मुलाचा संबंध बाहु जोडला. पुढच्याच वर्षीं शांघाय येथें चेन झोंगवेई ह्यांनीं एका कामगाराचा तुटलेला हात जोडला, आणि १९६५ सालीं जपानांत कोमात्सु व तामाई ह्यांनीं पूर्ण तुटलेला अंगठा. बोटाची धमनी जोडली तरी रक्त परत नेणाऱ्या शिरा कधीं कधीं सांपडत नाहींत, आणि बोट निळें पडून फुगतें. अशा वेळीं आजही अत्याधुनिक रुग्णालयांत जळवा लावतात. सुश्रुतसंहितेंत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे हें वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल.

हाड, कंडरा व शिरा जोडल्या, पण वर कातडीच उरली नसेल तर? ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा पुण्याशीं जोडलेला आहे. १७९२ च्या लढाईंत इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नांवाचा मराठा गाडीवान टिपूच्या हातीं लागला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून नवें नाक करून दिलें. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या एका मासिकांत छापून आली आणि युरोपांतील शस्त्रवैद्यांचे डोळे उघडले. नाक मिळालें, हाताला मात्र त्या काळीं जगांत कोठेंही उपाय नव्हता. कारागिराची मूळ कल्पना अशी कीं, कातडीचा तुकडा एका बाजूनें जिवंत शरीरास जोडलेला ठेवून दुसऱ्या जागीं वळवावा, आणि तेथें तो रुजला म्हणजे मूळ दुवा कापावा. हाताच्या उपचारांतही हीच युक्ति चालते. १९७२ सालीं ग्लासगोचे मॅक्ग्रेगर व जॅक्सन ह्यांनीं जांघेजवळील कातडीचा असा पट्टा वर्णिला. हात तीन आठवडे तेथें शिवून ठेवतात. दोन वर्षांच्या खोडकर मुलाचा हात तीन आठवडे जांघेशीं बांधून ठेवणें म्हणजे काय, ह्याची कल्पना आयांनीं करावी. आतां बहुधा कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसह पूर्ण सोडवून हातावरच्या वाहिन्यांस सूक्ष्मदर्शकाखालीं जोडतात, म्हणजे ही शिक्षा टळते.

इतकें सारें सांगितल्यावर, कांहींच न करण्याचीही एक जागा आहे, ती सांगितली पाहिजे. इंग्लंडांतील शेफील्डच्या बालरुग्णालयांत डॉ. सिंथिया इलिंगवर्थ ह्यांच्या पाहण्यांत आलें कीं, लहान मुलाच्या बोटाचें शेवटच्या सांध्यापुढचें टोक तुटलें असतां जखम न शिवतां नुसती स्वच्छ मलमपट्टी केली तर टोक पुन्हां वाढतें : गर, कातडी, नख, आणि बहुधा ठसाही. १९७४ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. पाल आपली शेपटी पुन्हां वाढविते तसाच हा थोडासा प्रकार आहे, आणि तो नखाच्या मुळाशीं निगडित आहे असें पुढील संशोधनांत दिसून आलें. नखाचें मूळच गेलें असेल तर हा चमत्कार होत नाहीं. दारांत सांपडलेल्या बोटाचें नख उपटून टाकण्याची घाई म्हणूनच करूं नये. नख उचकटलें असेल तर खालीं हाड त्या वाढीच्या चकतीपाशीं मोडलें असण्याचा संभव असतो, आणि तें चित्र काढल्याशिवाय कळत नाहीं.

अंगठा गेला तर हाताचें सुमारें ४० टक्के काम गेलें, असा ढोबळ हिशेब मांडतात. तुटलेला अंगठा परत बसवितां आला नाहीं तर दोन मार्ग आहेत. एक, तर्जनी तिच्या शिरा-मज्जातंतूंसह आखूड करून अंगठ्याच्या जागीं वळवून बसविणें. दुसरा, पायाचें बोट हातावर लावणें. १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रियाचे निकोलादोनी ह्यांनीं एका ५ वर्षांच्या मुलाच्या पायाचें दुसरें बोट हाताशीं शिवून, तें रुजेपर्यंत हात पायाशीं बांधून, मग सोडविलें होतें. १९६० नंतरच्या दशकांत सूक्ष्मदर्शकामुळें तें एकाच बैठकींत होऊं लागलें. बालकाचा मेंदु अशा नव्या अंगठ्यास फार लवकर आपला म्हणतो. पायाचें बोट हातावर आल्यावर मुलाबरोबर तेंही वाढतें.

मज्जातंतु मात्र सावकाश वाढतो, दिवसाला सुमारें एक मिलिमीटर. मनगटापाशीं तुटलेला तंतु जोडल्यावर बोटांच्या टोकांस संवेदना येण्यास महिने लागतात. ह्या महिन्यांत मूल तें बोट चुलीला लावतें, चावतें, आणि रडत नाहीं. न रडणें हाच धोका. तमिळ प्रांतांतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटीं जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड ह्यांनीं वेल्लोर येथें कुष्ठरोग्यांच्या हातांवर १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काम सुरू केलें, तेव्हां त्यांना हेंच आढळलें होतें : बोटें रोगानें आपोआप झडत नाहींत, वेदना न कळल्यामुळें नकळत होणाऱ्या इजांनीं जातात. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयांतील टाटा विभागांत डॉ. नोशीर अंतिया ह्यांनींही अशा हातांवर पुष्कळ काम केलें. बधिर बोट असलेल्या मुलावर दुप्पट नजर ठेवावी लागते.

भाजलेल्या तळहाताविषयीं थोडें. तापलेला तवा पकडलेलें मूल हात सोडण्याऐवजीं घट्ट मिटतें. तळहाताची कातडी जाड असल्यामुळें शस्त्रवैद्य बहुधा दोन-तीन आठवडे मलमपट्टी करून वाट पाहतात, आणि भरून न आलेल्या भागावर दुसरीकडची कातडी लावतात. खरी कसोटी पुढें आहे. हाडें वाढत जातात, व्रणाची कातडी त्यांच्याबरोबर तितकी वाढत नाहीं. तीन वर्षांचें असतांना सरळ असलेलें बोट सातव्या वर्षीं वांकलेलें दिसतें. उपचार चुकला असा ह्याचा अर्थ नाहीं. व्रण सोडवून तेथें कातडी पुन्हां लावावी लागते, कधीं कधीं दोन-तीन वेळां.

म्हणून भारी इजा झालेला हात जखम भरल्यावरही वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे मुलींत सुमारें १५ व मुलांत सुमारें १७ वर्षांपर्यंत, वर्षांतून एकदां तरी दाखवीत राहावें लागतें. जोडलेलें बोट बहुधा वाढतें, पण जोडीच्या बोटाहून थोडें आखूड राहतें. एखादें तिरकेंही वाढतें, आणि तें वेळीं दिसलें तर सरळ करतां येतें. घरीं एक सोपी नोंद ठेवतां येईल. दर वाढदिवसास मुलाचे दोन्ही हात एका कागदावर पालथे ठेवून पेन्सिलीनें त्यांची बाह्यरेषा काढावी, तारीख घालावी, आणि तो कागद रुग्णालयाच्या कागदांबरोबर जपून ठेवावा. मुलांना हा खेळ आवडतो, आणि डाव्या-उजव्या हातांतील दोन-चार वर्षांचा फरक शस्त्रवैद्यास एका दृष्टींत दिसतो.